चिडवायचं कुणी, कधी आणि किती?

वाचकांचे प्रश्न, मेलबर्नहून उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की 21 ऑगस्ट 2022 ला इथल्या फुटबॉलमध्ये माझ्या कॉलिंगवूड क्लबने कट्टर प्रतिस्पर्धी कार्लटनला एका पॉइंटने हरवलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तेवढ्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या तीन पत्रांना या दिवाळी अंकात उत्तर देतो. नवीन वाचकांसाठी माझी ओळख: जन्म कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. मेलबर्नमध्ये चोवीस वर्षं झाली. ट्राम चालवतो. पहिल्या हिवाळ्यापासून कॉलिंगवूडचा.

प्रश्न: तुम्ही फुटबॉल म्हणता, पण व्हिडिओत लोक हातात चेंडू घेऊन पळताना दिसतात. म्हणजे ही रग्बीच ना? आणि फुटबॉलमध्ये 75-74 असा स्कोअर होतो तरी कसा?
*– एक निवृत्त शिक्षक, पुणे*

सर, ही रग्बी नव्हे. इथले लोक याला 'फुटी' म्हणतात. याचे पहिले नियम 1859 मध्ये इथेच, मेलबर्नमध्ये लिहिले गेले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग मोकळं राहावं म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढा, असं टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने त्याच्या आदल्या वर्षी सुचवलं होतं. त्यामुळे खेळ आजही क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर चालतो. तुम्ही टीव्हीवर बघता ते एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, हिवाळ्यात आमचं असतं. 23 ऑक्टोबर 2022 ची भारत-पाकिस्तान मॅच तिथलीच ना, त्याच गवतावरची.

एका बाजूला अठरा खेळाडू, ऑफसाइड नाही. चेंडू पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकला की फाउल. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला की गोल, त्याचे सहा पॉइंट. नेम थोडा चुकून बाजूच्या खांबाच्या आतून गेला तर 'बिहाइंड', त्याचा एक. म्हणजे नेम चुकला तरी पदरात काहीतरी पडतं. मला या खेळात सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच.

आता त्या दिवसाचा स्कोअर. कॉलिंगवूड 11 गोल 9 बिहाइंड, म्हणजे 66 अधिक 9, झाले 75. कार्लटन 10 गोल 14 बिहाइंड, झाले 74. संधी कुणाला जास्त मिळाल्या ते मोजा. आम्हाला वीस, त्यांना चोवीस. त्या चौदांतला एक चेंडू जरी दोन हात आत गेला असता, तरी मी हे लिहायला बसलो नसतो.

प्रश्न: मी इथे शिकायला आलो आहे. निकी विनमारचा तो फोटो पाहिला. ज्या क्लबच्या प्रेक्षकांनी त्याला रंगावरून शिव्या घातल्या, त्या क्लबला तुम्ही, आपल्यासारख्या सावळ्या माणसाने, पाठिंबा कसा देता?
*– एक विद्यार्थी, क्लेटन*

तुझा प्रश्न रास्त आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 17 एप्रिल 1993 ला कॉलिंगवूडच्या जुन्या मैदानावर, व्हिक्टोरिया पार्कवर, सेंट किल्डा जिंकलं. त्यांचा निकी विनमार हा नूंगार समाजाचा, इथला मूळ रहिवासी. दिवसभर आमच्या लोकांच्या शिव्या ऐकून घेतल्यावर त्याने त्याच प्रेक्षकांसमोर जर्सी वर केली आणि पोटाच्या कातडीवर बोट ठेवलं. ते लोक आमचे होते. 'तेव्हाचे वेगळे, आम्ही वेगळे' असं मी म्हणणार नाही. कारण 2021 मध्ये क्लबनेच नेमलेल्या चौकशीच्या अहवालात, क्लबच्या कारभारातच वंशभेद मुरलेला आहे असं स्पष्ट लिहिलं गेलं, आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यक्ष एडी मॅग्वायर यांना पद सोडावं लागलं.

माझ्याबाबतीत एकदाच घडलं, बऱ्याच वर्षांपूर्वी. मागच्या रांगेतला एक जण माझ्या रंगावरून बोलला. क्लबचा काळा-पांढरा स्कार्फ त्याच्या गळ्यात होता आणि माझ्याही. मी वळायच्या आत शेजारची एक म्हातारी बाई उठली, तिच्याही गळ्यात तोच स्कार्फ. तिने मैदानावरच्या माणसाला बोलावून त्याला बाहेर काढायला लावलं. क्लब त्या माणसाच्या हवाली करून मी का निघून जाऊ? मेंबरशिपचे पैसे भरतो, अहवाल वाचला, क्लबला पत्र लिहिलं. तुला हे पटलं नाही आणि तू दुसरा क्लब धरलास, तर मला वाईट वाटणार नाही. फक्त कार्लटन धरू नकोस.

प्रश्न: माझा मुलगा अकरा वर्षांचा, कॉलिंगवूडचा. त्याचा जिवलग मित्र कार्लटनचा. 21 ऑगस्टची मॅच संपल्यावर हा मित्राच्या घरासमोर जाऊन क्लबचं गाणं म्हणत नाचला. मित्र रडला. आता दोघं बोलत नाहीत. आम्ही क्रिकेट बघत वाढलेले, आम्हाला हे कळतच नाही. त्याला रागवावं की हा खेळाचाच भाग म्हणून सोडून द्यावं? आणि एवढं रडण्यासारखं त्या मॅचमध्ये काय होतं?
*– एक आई, टार्निट*

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्यावाचून तो मुलगा का रडला ते कळणार नाही.

कार्लटन 2013 नंतर एकदाही फायनल्समध्ये गेलं नव्हतं. तेव्हा अठरा संघांतले पहिले आठ फायनल्सला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना, जात. 2022 चा सबंध मोसम ते पहिल्या आठांत होते. आदल्या आठवड्यात मेलबर्न नावाच्या क्लबकडून 5 पॉइंटनी हरले, तरी आशा होती. शेवटची मॅच आमच्याशी. जिंकले किंवा नुसती बरोबरी झाली तरी चालणार होतं. तीन क्वार्टर संपले तेव्हा ते चार गोलांनी पुढे होते. मग चौथ्या क्वार्टरमध्ये आमची पोरं एकेक गोल फेडत आली आणि शेवटच्या काही मिनिटांत जेमी एलियटने पुढे नेलं. सायरन वाजला. कार्लटन नववं. आठव्या वेस्टर्न बुलडॉग्जचे विजय तेवढेच, फरक नुसत्या केलेल्या आणि दिलेल्या पॉइंटच्या टक्केवारीचा, तोही एक टक्क्याच्या आत. म्हणजे त्या मुलाची नुसती मॅच गेली नाही. त्याला कळायला लागल्यापासून पहिल्यांदा दिसलेली फायनल्स एका पॉइंटने गेली.

मी मैदानावर नव्हतो. 75 नंबरच्या ट्रामवर ड्युटी होती. वेलिंग्टन परेडवर, मैदानाच्या स्टॉपजवळ, गाडी चालवत असताना काही ऐकता येत नाही, बघता येत नाही. अंधार पडत होता. गर्दी आली तेव्हा कार्लटनचे निळे स्कार्फ आधी दिसले. कुणी बोलत नव्हतं. एक बाप पोराला कडेवर घेऊन चढला. पोरगं चांगलं आठ-नऊ वर्षांचं, कडेवर घेण्याच्या वयाचं नव्हे. तेव्हाच मला निकाल कळला. मागोमाग आमचे लोक आले गात, खिडक्यांवर थापा मारत. ट्राम खच्चून भरली. काळे-पांढरे आणि निळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे. ब्रिज रोडपर्यंत गाणं चाललं. मग गाणाऱ्यांतल्या एकाचं लक्ष त्या बापाकडे गेलं असावं. तो थांबला, त्याने बाजूच्याला कोपराने खुणावलं, आणि हळूहळू डबा शांत झाला. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. आरशात हे बघत मी गाडी हॉथॉर्नला आणली, आणि पोटात आनंद एवढा मावत नव्हता की बोटं थरथरत होती.

घरी आलो तर पुढचा पेच. आमच्या कुंपणापलीकडे एक इटालियन आजी राहते. तिची नातवंडं तिला नोना म्हणतात, म्हणून आम्हीही नोना म्हणतो. साठच्या दशकात लग्न होऊन आली ती कार्लटन भागातल्या लायगन स्ट्रीटवर. भाषा येत नव्हती, पण शेजारपाजार सगळा निळा, म्हणून तीही निळी झाली. तिचा नवरा 1970 च्या ग्रँड फायनलला, म्हणजे मोसमाच्या अंतिम मॅचला, एमसीजीवर उभा होता. 1,21,696 माणसं होती त्या दिवशी. तेवढी गर्दी या खेळाला परत कधीच झाली नाही. हाफ टाइमला कॉलिंगवूड 44 पॉइंटनी पुढे होतं, आणि कार्लटनने 10 पॉइंटनी जिंकलं. मी शेजारी राहायला आल्यावर नोनाने मला पहिल्यांदा लिंबं दिली आणि लगेच दुसऱ्या वाक्यात 'फोर्टी फोर' म्हणाली. तेव्हापासून तो आकडा मी किती वेळा ऐकलाय. आमच्या क्लबचे म्हातारे तर त्या हाफ टाइमबद्दल आजही बोलताना मान खाली घालतात.

त्याचं उट्टं काढायची संधी त्या रात्री माझ्या हातात होती. मी ड्युटीच्या कपड्यांतच तिच्या फाटकापर्यंत गेलो. व्हरांड्यातला दिवा बंद. तिचा रेडिओ रोज रात्री उशिरापर्यंत चालू असतो, तो बंद. निळा स्कार्फ कठड्यावर तसाच पडलेला. मी परत फिरलो.

परत का फिरलो, तर मला माझे बाबा आठवले. ताई, तुम्ही कुठल्या ते पत्रात नाही, पण कोल्हापूरच्या पेठांतली फुटबॉलची ईर्षा तुम्ही ऐकली असेल. तालमींचे संघ, शाहू स्टेडियम, फायनल जिंकली की गल्लीत हलगी आणि गुलाल. आम्ही शिवाजी पेठेतले आणि आई मंगळवार पेठेतली. म्हणजे घरातच दोन पार्ट्या. मामाचा संघ हरला की त्याच संध्याकाळी बाबा स्वतः उठून मामाकडे जात. मॅचचा शब्द काढत नसत. म्हशीचं दूध, शेताचं पाणी, पोरांची शाळा, असं बोलून जेवून परत येत. दोन-तीन दिवसांनी मामाच म्हणायचा, "दाजी, आता बोला की." मग बाबा असे सुटायचे, की आजी आतून ओरडायची. आणि आमचा संघ हरला की मामा तसाच यायचा. कोल्हापुरात 'ईर्षा' हा शब्द आम्ही जळण्यासाठी वापरत नाही. ती दोघांनी मिळून पाळायची गोष्ट असते. समोरचा पुढच्या वर्षी परत मैदानात यायलाच हवा, नाहीतर जिंकायचं कुणाला? जिलाँगसारख्या दुसऱ्या क्लबला हरवलं तर मी खूश होतो आणि चहा पितो. कार्लटनला हरवलं तर झोप लागत नाही.

सोमवारी मी नोनाच्या दारात आंबट वरणाचा डबा ठेवून आलो. तिला आवडतं. मंगळवारी मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत होतो, तर कुंपणावरून आवाज आला, "बोल. बोलून टाक एकदा." मी काही बोललो नाही. फक्त एक बोट वर केलं. ती मान हलवत आत गेली, पण रेडिओ लागला.

तेव्हा मुलाला नाचल्याबद्दल रागावू नका. ती मॅच बघून ज्याला नाचावंसं वाटलं नाही, त्याला हा खेळ कळला नाही असं मी म्हणेन. आपल्या घरात, अंगणात, रस्त्यावर हवं तेवढं नाचू दे. त्याची चूक एवढीच, की मित्र दार बंद करून बसलेला असताना तो त्याच्या दारात गेला, आणि मित्राने बोलायला सांगेपर्यंत थांबला नाही. हे त्याला एकदा नीट सांगा. माफी मागायला लावली तर तो पाठ केल्यासारखी मागेल. त्यापेक्षा चेंडू घेऊन पाठवा. दोघं मिळून लाथा मारतील, बाकीचं त्यांचं ते बघून घेतील. आणि त्या मित्राने त्याला पुढच्या मोसमात चिडवलं तर मध्ये पडू नका. ते देणं आहे, त्याला फेडू द्या.

तुमचं पत्र ऑगस्टच्या शेवटी आलं आणि दिवाळी अंकाला वेळ होता, म्हणून मधल्या काळात जे झालं तेही सांगतो. 2021 मध्ये सतरावे आलेले आम्ही 2022 मध्ये प्रिलिमिनरी फायनलपर्यंत पोचलो. एक मॅच जिंकली की ग्रँड फायनल. 17 सप्टेंबरला सिडनीत, सिडनीशी. पहिल्यापासून मागे पडलो आणि शेवटी भरून काढत इतके जवळ आलो, की बायको आणि मी दोघं टीव्हीसमोर उभेच होतो. सायरन वाजला तेव्हा सिडनी 95, कॉलिंगवूड 94.

मी टीव्ही बंद केला. दिवाही बंद केला. दहा मिनिटांनी कुणीतरी दार वाजवलं. नोना होती, पिशवीत लिंबं. आत आली, स्वयंपाकघरात बसली, तिच्या नातीच्या परीक्षेबद्दल, छपराच्या गळतीबद्दल बोलली. बायकोने चहा केला. तासाभराने ती निघाली. मंगळवारी कचऱ्याचे डबे ओढताना कुंपणापाशी आम्ही दोघं थांबलो. मी म्हणालो, "बोल, नोना." तिने एक बोट वर केलं.

तुमच्या मुलाचा तो मित्र सतरा तारखेनंतर तुमच्याकडे आला होता का, ते मला जरूर कळवा.