अ‍ॅप म्हणतं गंधार उतरला, बाई म्हणतात बरोबर!

गाण्याच्या क्लासात मोबाईल शिरला त्याला आता बरीच वर्षं झाली. या महिन्यातली पत्रं मात्र सगळी त्याच्याच तक्रारी घेऊन आलीत, म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकते.

प्रश्न : मुलगी भूप शिकतेय. तानपुऱ्यावर गंधार लावला की माझ्या फोनवरच्या ट्यूनरचा काटा डावीकडे झुकतो, लाल होतो. पेटीबरोबर गायली की हिरवा. बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "सूर बरोबर आहे, फोन ठेवा खिशात." कोणाचं खरं मानायचं?
– एक पालक, सोलापूर

बाईंचं. का ते सांगते, म्हणजे तुम्ही फोन नाराज न होता खिशात ठेवाल.

तुमचा ट्यूनर गिटार, पियानो जुळवायला बनवलेला आहे. तो सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा 100 सेंटचा. त्याच्या हिशेबात सा पासून शुद्ध गंधार 400 सेंटवर. तानपुऱ्याचा हिशेब वेगळा. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार छेडून गुंजन ऐकत बसलात की त्यातूनच एक गंधार वर येतो, न गाता. तो असतो 386 च्या आसपास. भूपात गंधार वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, मुलगी त्यावर थांबते, आणि तानपुरा नीट लागलेला असला की गळा आपोआप त्या गंधाराला जाऊन चिकटतो. ते 14 सेंट ट्यूनरला खुपतात. पंचमात फरक जेमतेम 2 सेंटचा, म्हणून तिथे तुम्हाला कायम हिरवं दिसत असणार. कोमल गंधाराला उलटा प्रकार, तो 16 सेंट चढा दिसेल.

आणि पेटी? बाजारातल्या बहुतेक पेट्या ट्यूनरच्याच हिशेबाने जुळवलेल्या असतात, तेव्हा त्या दोघांचं एकमत होणारच. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. मी काही पेटीच्या विरोधात नाही. साथीला हवीच. नवख्याला सूर दाखवायला ती पुढे ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं.

पण एक लक्षात ठेवा. काटा 30-40 सेंट खाली जात असेल तर ते श्रुतीचं, म्हणजे सुरातल्या बारीक फरकाचं, कौतुक नव्हे, पोरगी उतरलीच आहे. आणि दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार ट्यूनरला दाखवायच्या फंदात पडू नका, काटा नुसता हेलकावे खाईल. तसल्या जागा डोळ्यांनी बघायच्याच असतील तर स्वराची सलग रेघ काढणारी साधनं बरी. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी यावर काम केलेलं आहे. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे तिथे दिसतं. तेही गाऊन झाल्यावर बघायचं, गाताना नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत. मुलीचा क्लास पुण्याच्या गुरुजींकडे, झूमवर. दोन तक्रारी. इथला तानपुरा त्यांना ऐकूच जात नाही. आणि ते तिकडून तबला लावतात तेव्हा मुलगी समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) दरवेळी मागे पडते असं म्हणतात. इथे तर ती बरोबर सम गाठते!
– एक आई

ताई, तुमची मुलगी लयीत कच्ची नाही. आधी तानपुऱ्याचं बघू.

झूम बनलंय बोलण्यासाठी. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं समजून ते तो पुसून टाकतं. आपल्या तानपुऱ्याचा गुणच मुळी एकसारखं वाजत राहणं, त्यामुळे तोच पहिला जातो. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' आहे, ते चालू करा. हेडफोन लावा आणि मग 'इको कॅन्सलेशन' बंद करा. गुरुजींनाही हेच करायला सांगा, नाहीतर त्यांचा तानपुरा तुमच्याकडे गुडूप होईल.

आता सम. मैफलीत तबलजी दहा मीटर लांब बसला तरी त्याचा ठेका गायकापर्यंत सेकंदाच्या तीन शतांश भागात पोचतो, तेवढं निभतं. पुणे ते न्यू जर्सी हे अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर. समुद्राखालच्या तारेतून प्रकाश गेला तरी जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा भाग गेलाच, त्यात झूमचा स्वतःचा वेळ वेगळा. मिनिटाला 240 मात्रांचा द्रुत तीनताल घेतलात तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे मुलीने सम अचूक गाठली तरी गुरुजींच्या कानी ती निदान अर्धी मात्रा उशिरा पडणार. हे कितीही महागडं कनेक्शन घेतलंत तरी सुटत नाही.

तबला तुमच्या बाजूला लावा. मुलगी जिथे बसलीय तिथेच अ‍ॅप वाजलं की ठेका आणि गाणं दोन्ही एकदमच निघतील, गुरुजींना उशिरा का होईना पण एकत्र ऐकू येतील. ते स्वतः गाऊन दाखवतील तेव्हा ठेका त्यांच्याकडे, तुम्ही माईक बंद करून ऐकायचं. गुरू-शिष्य एकदम गाणं सोडून द्या, आळीपाळीनेच चालेल. द्रुताची तयारी मात्र रेकॉर्ड करून पाठवा, थेट नको.

बाकी शनिवारी सकाळी साडेआठला मुलगी यमन गाते हे तुम्ही शेवटी जरा घाबरत लिहिलंय. गुरुजींकडे तेव्हा संध्याकाळ असते. मीही असंच शिकवते, पाप लागत नाही.

प्रश्न : मिरजेचा तानपुरा घ्यावा की अ‍ॅप पुरे?
– नोकरी सांभाळून शिकणारा, नाशिक

पहिली दोन वर्षं अ‍ॅप. बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी 1979 च्या सुमाराला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तेव्हापासून एकट्याने रियाज करणाऱ्यांची मोठीच सोय झालीय. मालकंस रागाला पहिली तार मध्यमाची, मारव्याला निषादाची, हे एका बोटात बदलता येतं. फक्त फोनच्या स्पीकरवर विसंबू नका. काळी एक पट्टीतला पुरुषी खर्ज 69 हर्ट्झच्या जवळ असतो, तो एवढासा स्पीकर गिळूनच टाकतो. बरा स्पीकर जोडा.

मग मात्र मिरजेला जाच. 2024 मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मी सांगते ते त्यासाठी नाही. दुकानात कारागिराला जवारी, म्हणजे तारेचा गुंजता आवाज, उघडून दाखवायला सांगा. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो कारागीर नखाने केसभर सरकवतो. तार आधी ठक्क वाजते, मग एकदम खुलते. ती खुलायची जागा आपल्या कानाने पकडायला लागलात की रोज रियाजाआधी तानपुरा जुळवणं हाच अर्धा रियाज होतो. अ‍ॅप हे काम तुमच्याकडून काढून घेतं. घरात जुळवून देणारं कोणी नसेल तर शिकेपर्यंत महाग तानपुरा घेऊ नका, कोपऱ्यात उभा राहील.

प्रश्न : विशारदला बसतेय. यूट्यूबवर वेग अर्धा करून ताना लिहून घेतल्या तर चालेल?
– कोल्हापूर

चालेल. सूर तोच राहतो, फक्त अर्ध्यावर आवाजाचा पोत फाटतो, तेव्हा 0.75 वर जमतं का बघा. आधी मूळ वेगात पाठ होईस्तोवर ऐका, मग अडलेल्या जागेपुरता वेग कमी करा. आणि परीक्षेत साथीला माणूस असतो, तो तुमच्या अ‍ॅपसारखा एकाच लयीत राहीलच असं नाही. निदान शेवटचे काही दिवस गावातल्या तबलजीला बोलवा.