मूल्यांकन: आकडा नको, साक्षीदार निवडा

घटस्फोटाच्या दाव्यात घर-जमिनीचं मूल्यांकन कोणाकडून करून घ्यायचं, याबद्दल त्याच त्या शंका येत राहतात. निवडक प्रश्न घेतले आहेत.

ओळखीच्या इस्टेट एजंटने लेटरहेडवर भाव लिहून दिलाय, तोही फुकट. चालेल का? (सिंहगड रोड)

नाही.

'गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड व्हॅल्युअर'च्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. निवडायचा कसा? (कोथरूड)

पाटी सोडा, नोंदणी क्रमांक मागा. जुन्या मंडळींची नोंदणी संपत्ती कर कायदा, १९५७ च्या कलम ३४एबीखालची असते, नव्यांची २०१७ च्या नियमांनुसार आयबीबीआयकडे, म्हणजे केंद्राच्या नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे. आयबीबीआयवाला असेल तर त्याचा वर्ग 'लँड अँड बिल्डिंग' आहे ना, ते त्यांच्या वेबसाइटवर तपासा. शेअर्सचं मूल्य काढणाराही 'रजिस्टर्ड व्हॅल्युअर'च म्हणवतो. मग एकच विचारा: कोर्टात साक्षीला, उलटतपासणीला याल का? 'बघू' म्हणाला तर दुसरा शोधा. नाव पक्कं करण्याआधी वकिलांना दाखवा.

रेडीरेकनरचा दर असताना व्हॅल्युअरवर खर्च कशाला? (हडपसर)

तो सरकारने ठरवलेला दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. रस्त्याकडेचा फ्लॅट आणि मागच्या गल्लीतला, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, दोन्ही एकाच विभागात, एकाच मूळ दरात येऊ शकतात. बाजार तसं मानत नाही.

एका व्हॅल्युअरने फोनवरच विचारलं, 'आकडा किती बसवायचा?' फी किमतीच्या टक्क्यात. मिस्टरांनीही असाच कोणी गाठला असेल, तर आपण मागे का राहायचं? (वाकड)

ताई, तिथूनच परत फिरा. पोटगी कमी बसावी म्हणून एकाचा आकडा खाली, जास्त मिळावी म्हणून दुसऱ्याचा वर, आणि कोर्टापुढे एकाच फ्लॅटचे दोन भाव. मग दोन्हींवरचा विश्वास उडतो, पाहणीसाठी कोर्टाचा कमिशनर नेमायचा अर्ज होतो, तारखांवर तारखा पडतात. सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. समोरचा वकील तुमचा रिपोर्ट त्या कागदाशेजारी ठेवतो, हाती लागला तर जुना कर्जाचा अर्जही. आणि विचारतो: जागेवर कधी गेलात? टेप कोणी धरली? कुठले व्यवहार धरलेत?

माझ्यासमोर आलेल्या एका रिपोर्टात फोटो फक्त सोसायटीच्या गेटचा होता. आत लिहिलेलं, 'रेल्वे स्टेशन चालत पाच मिनिटांवर'. फ्लॅट कोथरूडचा! मुंबईचा मजकूर तसाच राहिलेला.

बरा रिपोर्ट ओळखायचा तर पाहणीची तारीख बघा, बंद केलेली बाल्कनी वेगळी दाखवून मोजलेला कार्पेट एरिया बघा, आसपासच्या नोंदलेल्या विक्रीचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातले उतारे) जोडलेत का ते बघा. शिवाय मूल्य कोणत्या तारखेचं आणि कशासाठी, हे लिहिलेलंच हवं. कॅपिटल गेन करासाठी काढलेला १ एप्रिल २००१ चा भाव इथे आणून लावणारेही भेटतात. मूल्य कोणत्या तारखेचं धरायचं हे वकील सांगतील, व्हॅल्युअर नाही. फी ठरावीक घ्या, लेखी घ्या. परस्परसंमतीचं प्रकरण असेल तर दोघांनी मिळून एकच व्हॅल्युअर नेमा.

सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय. बिल्डरने कबूल केलेला वाढीव कार्पेट धरायचा ना? (सहकारनगर)

विकसन करार नोंदलाय का? नसेल तर माहितीपत्रकातले चौरस फूट हवेतच आहेत. आज उभा आहे तोच फ्लॅट मोजला जाईल. नोंदला असेल तर त्याची प्रत व्हॅल्युअर आणि वकील दोघांनाही द्या.

नवरा व्हॅल्युअरला आत येऊ देत नाही. सहा महिने झाले. (बाणेर)

सहा महिने कशाची वाट बघताय? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ मध्ये कोर्ट कमिशनर नेमू शकतं. बाजारभाव ठरवण्याचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. या आठवड्यात वकिलांना भेटा. बाहेरून फोटो काढून 'अंदाजे' रिपोर्ट करवून घेऊ नका.

व्हॉट्सॲपवर वाचलं, घटस्फोटात बायकोला अर्धी मालमत्ता मिळतेच. सासऱ्यांच्या मुळशीतल्या जमिनीचंही मूल्यांकन करून ठेवू का? (पौड रोड)

आपल्याकडे असा सरसकट निम्म्याचा कायदा नाही. जमीन कोणाच्या नावावर, वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हे आधी वकिलांकडून समजून घ्या, मग माझ्यासारख्याला फी द्या. जाताना ताजा सातबारा आणि फेरफार न्या, कपाटातली जुनी झेरॉक्स नको.