सामना संपल्यानंतरचा तास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फुटबॉल संघाच्या बचावफळीत तुझ्या शेजारी खेळणारा दोस्त पिऊन सरावाला येतो, कधी येतच नाही, आणि "त्याला ताप आहे" असं कोचला तू सांगतोस. तुझ्या वयात माझ्या जोडीदारासाठी मीही अख्खा हंगाम हेच सांगत होतो. वाटायचं, त्याची संघातली जागा वाचवतोय. प्रत्यक्षात मी त्याची दारू सांभाळत होतो. आधी हे थांबव. चहाडी नको, त्यालाच सांग, "पुढच्या वेळी कोचनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

तो प्यायलेला असताना हे बोलू नकोस, चारचौघांत तर नकोच. आपण पुरुष समोरासमोर बसून मनातलं काढायला कचरतो. मध्ये चेंडू असला की जमतं. सराव संपला की दोघंच पास देत राहा आणि तेव्हा बोल. जे पाहिलंस तेवढंच सांग: "शनिवारी तुझे हात थरथरत होते. मला भीती वाटली." 'दारुडा' म्हणालास तर तो भांडेल आणि विषय तिथेच मिटेल.

तू लिहितोस, "पण तो अजून उत्तम खेळतो." यावर विसंबू नकोस. इंग्लंडमधल्या आर्सेनल या फुटबॉल संघाचा कर्णधार टोनी ॲडम्स १९९० मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला आणि १९९१ मध्ये त्याच संघाने तिथली लीग स्पर्धा जिंकली. आपण व्यसनी आहोत हे त्याने सहकाऱ्यांना सांगितलं ते १९९६ मध्ये. मधली वर्षं खेळ चालू होता, म्हणून आजार झाकला गेला. पुढे १९९८ मध्ये दारूशिवायही त्याने लीग जिंकून दाखवली, हे तुझ्या दोस्ताला जरूर सांग.

तो म्हणेल, "उद्यापासून बंद!" लगेच टाळी देऊ नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर. तू सोबत जा, बाहेर बाकावर बसून राहा.

खरी कसोटी सामना संपल्यानंतरच्या तासाची. जिंकलो म्हणून बाटली उघडते, हरलो म्हणूनही उघडते, आणि नव्वद मिनिटं सांभाळलेला माणूस तिथे एकटा पडतो. तो तास तू अडव. गोलची जाळी उतरवायला त्याला सोबत थांबवून घे, बूट धुवा, चालत घरी जा. बाकीचे हसले तर हसू देत.

एक गोष्ट मी चुकलो. जोडीदाराला संघातून काढल्यावर मी त्याला मैदानावर बोलावणंच सोडलं. वाटलं, बघत बसून त्याला त्रास होईल. त्याच्याकडे तेवढी एकच जागा होती आणि ती मी काढून घेतली. आजही ते सलतं. तुझा दोस्त खेळत नसेल तेव्हाही त्याला बोलाव.

त्याची दारू तुला सोडवता येणार नाही. ते काम त्याचं आणि डॉक्टरांचं. तुला ओझं झालं तर अल-अनॉनच्या बैठकीला जा. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठीच ती असते.

सरावाला तो सगळ्यांच्या आधी येऊन एकटा बसतो, असं तू लिहिलंयस. उद्या अर्धा तास लवकर जा. चेंडू घेऊन जा.

तुझा,
जुना बचावपटू