लाल धाग्याबद्दल

प्रिय,

पार्सल परवा पोचलं. पत्र वाचायच्या आधी तुझं भित्तिवस्त्र उलटं करून पाहिलं. ही माझी जुनी खोड. पुढची बाजू सगळेच नीटनेटकी ठेवतात. मग पत्र उघडलं. चार पानं, आणि प्रश्न एकच : मी कलाकार की कारागीर?

मलाही या प्रश्नाने छळलंय. एका प्रदर्शनाने माझं काम ‘हे हस्तकलेत द्या’ म्हणून परत केलं, आणि हस्तकलावाल्यांनी ‘याचा उपयोग काय?’ असं विचारून. वर्षभर कुढत बसले. आता वाटतं, त्या शेऱ्यांचा संबंध माझ्या विणण्याशी कमी आणि भिंत कोणाला द्यायची, किंमत किती लावायची याच्याशी जास्त होता.

तरी फरक आहे. नाही असं सांगून तुझी समजूत काढणार नाही. फक्त तो लोकर की रंग, भिंत की अंग, यात शोधू नकोस. निर्णय कोण घेतं आणि कधी घेतं, तिथे पाहा.

पोप दहाव्या लिओने १५१५ मध्ये व्हॅटिकनमधल्या सिस्टाईन चॅपेल या प्रार्थनागृहाच्या भित्तिवस्त्रांसाठी चित्रकार राफाएलकडे चित्रं मागितली. ती पूर्ण आकाराची, कागदावरची चित्रं ब्रसेल्सला गेली, मागावर वापरता यावीत म्हणून पट्ट्यांत कापली गेली, आणि पीटर व्हान आल्स्टच्या कारखान्यात विणकरांनी ती धाग्यात उतरवली. राफाएल सगळ्यांना माहीत. मागावर बसलेल्यांची नावं विचारून बघ कोणाला. ठरवायचं एकाने, विणायचं दुसऱ्यांनी, अशी ती वाटणी. मला ती कधीच पुरती पटली नाही. चित्रातली गालावरची सावली किती छटांच्या धाग्यांत उतरवायची, हा निर्णय धोट्याजवळ बसलेल्याचाच की गं!

१९६०च्या दशकात विणणाऱ्यांनीच ही वाटणी मोडली. पोलंडच्या माग्दालेना अबाकानोविचने टाकून दिलेले दोर गोळा केले, उसवले, रंगवले, आणि कुणाच्या चित्राबरहुकूम न विणता माणसाहून मोठे आकार छताला टांगले. पण मला जास्त जवळची वाटते आनी आल्बर्स. बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिरली तेव्हा विणकाम ही तिची पहिली पसंती नव्हतीच. १९३० साली पदविकेसाठी तिने सभागृहाच्या भिंतींचं कापड विणलं : एका बाजूने आवाज शोषणारं, दुसऱ्या बाजूने उजेड परतवणारं, सेलोफेन घालून. काय हवंय ते आधीच ठरलेलं. कसं करायचं ते धाग्यांनी आणि तिने मिळून शोधलं. ही कारागिरी. पुढे तिने नुसती पाहण्यासाठी छोटी विणचित्रं केली, तिथे ‘काय हवंय’ हेच विणता विणता उलगडत गेलं असावं. हात मात्र तेच. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचं एकटीचं प्रदर्शन भरवलं.

यावरून कला वरची आणि कारागिरी खालची असं समजू नकोस. मोज्याची टाच विणून बघ. ओळ पुरी न करता मधूनच सुई वळवायची, पुढच्या ओळीत आणखी एक टाका आधी वळवायची, मग सोडलेले टाके एकेक करून परत घ्यायचे. सपाट विणीतून वाटी तयार होते. मी पहिली टाच तीनदा उसवली. बरोबर की चूक हे माझ्या मनावर नव्हतंच, पाय सांगत होता. इतका सरळ परीक्षक भिंतीवरच्या कामाला मिळत नाही, आणि म्हणून तिथे स्वतःला फसवणं फार सोपं.

आता तुझ्या कामाकडे येते. खालच्या वीतभर भागात काठ आत ओढले गेलेत. ‘लाट मुद्दाम ठेवली’ असं लिहिलंयस. मागून पाहिलं तर दर ओळीत आडवा धागा ताठ खेचलाय. त्याला कमान देऊन सैल सोडायचा आणि मग फणीने ठोकायचा, हे राहिलंय. वरच्या भागात काठ आपोआप सरळ झालेत, म्हणजे हात मध्येच शिकला. ती लाट तुझी नाही. तुझी असती तर तुला ती हवी तिथे, हवी तेवढी पुन्हा आणता आली असती.

पण मधोमध तुटलेल्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या, जागी तू लाल धागा जोडलायस. तसलाच पांढरा टोपलीत असणार. टाचणीला गुंडाळून, नवा धागा जुन्याला समांतर नेऊन, अगदी शिकवल्यासारखा बसवलायस, तरीही लाल. आणि त्यानंतर पुढच्या सगळ्या पट्ट्या त्याच्याकडे झुकत गेल्या आहेत. चार पानांत त्याचा उल्लेखसुद्धा नाही! तिथे काय झालं, ते मला हवंय. कलाकार-कारागीर नंतर बघू.

भित्तिवस्त्र परत पाठवतेय. खालची वीतभर वीण उसवून सरळ काठांनी पुन्हा विण. जमली की तेवढ्याच धाग्यांत एक मुद्दाम नागमोडी काठाची पट्टी करून पाठव. लाल धाग्याची मागची टोकं मी बोथट सुईने आत घालणार होते, मग हात आवरला. ती तूच ठरव.

तुझी,
मावशी