अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा सीआरपी (इन्फेक्शन झालं की रक्तात वाढणारं एक प्रोटीन) नॉर्मल आला, म्हणजे इन्फेक्शन नाही असं समजावं का?

नाही. निदान पहिल्या एका रिपोर्टवरून तर अजिबात नाही.

मी डॉक्टर नाही, लॅबवाली आहे. एनआयसीयूची (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची) सॅम्पल्स वर्षानुवर्षं माझ्या हातून गेली आहेत, आणि हा प्रश्न दिसला की एक जुनं भांडण उफाळून येतं. रात्रपाळीला एका बाळाचं रक्त आलं, सीआरपी ३. दुसऱ्या दिवशी त्याच बाळाचा ४६. लगेच रेसिडेंट डॉक्टरांचा फोन, "मशीन बिघडलंय का तुमचं? रात्री नॉर्मल कसा दिला?" कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) लावून दाखवले, सगळे बरोबर. तरी राउंडला 'लॅबची चूक' असंच बोललं गेलं. अहो, चूक कसली! सीआरपी यकृतात बनतो. इन्फेक्शन सुरू झाल्यावर तो वाढायला दहा-बारा तास घेतो आणि दीड-दोन दिवसांनी सगळ्यात वर जातो. बाळ दूध पचवेना, मध्येच श्वास थांबायला लागला, म्हणून तासाभरात रक्त पाठवलंत तर ३च येणार ना? वर फॉर्मवर रक्त काढल्याची वेळच लिहिलेली नाही!

प्रोकॅल्सिटोनिन (इन्फेक्शनचा दुसरा मार्कर, म्हणजे रक्तातली खूण) लवकर वाढतं, दोन-चार तासांत. पण जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही आपसूक चढतं, त्यामुळे बाळ किती तासांचं आहे ते बघूनच आकडा वाचायचा. मोठ्यांसाठीची ०.५ ची मर्यादा तिथे लावून चालत नाही. आयएल-६ (इंटरल्युकिन-६, असाच आणखी एक मार्कर) त्याहूनही चटकन चढतं आणि दिवसभरात उतरतंही. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) आयटी रेशो, म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींपैकी कच्च्या पेशींचं एकूण पेशींशी प्रमाण, ०.२ च्या वर असेल तर संशय घ्यावा. प्लेटलेट्स पडेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

खरी तपासणी ब्लड कल्चरच (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघणं), आणि नेमका तिथेच हात आखडतो. बाटलीत निदान १ मिली रक्त हवं. आमच्याकडे तळाला लागेल न लागेल एवढं यायचं, आणि कल्चर निगेटिव्ह गेलं की दोषी पुन्हा आम्हीच. किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्तच साधारण ९०-१०० मिली, हे मलाही कळतं. म्हणून तर म्हणते, उठसूट मार्कर काढण्यापेक्षा ते रक्त कल्चरला द्या.

सीआरपी अगदीच निरुपयोगी नाही हं. २४ ते ४८ तासांनी पुन्हा केलेलाही नॉर्मल आला, कल्चरमध्ये काही उगवलं नाही आणि बाळ ठीक असलं, तर अँटिबायोटिक थांबवायला त्याचा मोठा आधार होतो. माझ्या मते त्याचं खरं काम तेच. उलट अवघड बाळंतपण, ऑपरेशन यांनीही तो वाढतो, आणि फार लवकर जन्मलेल्या बाळात इन्फेक्शन असूनही पुरेसा वाढत नाही. औषध कधी सुरू करायचं हे बाळाकडे बघून डॉक्टरच ठरवतील, त्यात माझं ऐकू नका.

पण रक्त किती वाजता काढलं आणि कल्चरला किती मिली गेलं, हे त्यांना जरूर विचारा. नाक मुरडलं तर मुरडू देत.