वाचनस्पर्धेत एकच मूल बोलते

प्रश्न : आमच्या शाळेत सातवीच्या मुलांचे चार-चार जणांचे संघ करून वाचनस्पर्धा घेतली. प्रत्येक संघाला सहा पुस्तके दिली होती. परंतु उत्तरे एकच मूल देत राहिले आणि उरलेली तिघे नुसती बसून होती. यावर उपाय काय?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : दोष मुलांचा नसून नियमाचा आहे. जो आधी हात वर करील त्याचेच उत्तर घ्यायचे ठरले, की चलाख मूल पुढे जाणारच. त्याऐवजी प्रश्न विचारल्यावर संघाला अर्धा मिनिट आपसांत कुजबुजू द्यावे आणि उत्तर कोणी द्यायचे ते चिठ्ठी काढून ठरवावे. म्हणजे ज्याने पुस्तक वाचले आहे, त्याला ते शेजारच्याला समजावून सांगणे भाग पडते. प्रत्येक पुस्तक निदान दोघांनी वाचलेले असावे, म्हणजे एखादे मूल आजारी पडले तरी संघ अडत नाही.

प्रश्न काढताना लेखकाचे जन्मगाव विचारू नये. ते मलपृष्ठ पाहूनही सांगता येते. 'आजीने पेटीची किल्ली थोरल्या सुनेकडे न देता नातीकडे का दिली?' अशा धर्तीचा प्रश्न मात्र गोष्ट वाचल्याशिवाय सुटत नाही.

प्रती कमी पडत असल्यास, १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्याच शहरात आहे. तेथे चौकशी करावी. अंतिम फेरी १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी, म्हणजे डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, घेण्याचा मोह होईल; पण सहामाही परीक्षा त्याच सुमारास असेल, तर ही फेरी दिवाळीच्या सुटीनंतर घ्यावी.