जूनमध्ये टेंट घेऊन डोंगरात जावं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही डेन्व्हरला राहतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात नऊ दिवस गाडी काढून रॉकी माउंटन, ग्रँड टीटन, यलोस्टोन आणि ग्लेशियर ही नॅशनल पार्क्स करायची, सगळीकडे टेंटमध्येच राहायचं असं ठरवलंय. दोन मुलं आहेत आणि आई पुण्याहून नुकतीच आलीये, ६८ वर्षांची. समर म्हणून पातळ कपडेच घेतोय, पण मित्र म्हणतो बर्फ पडेल. खरंच पडतो का?

उत्तर: पडतो हो, जूनमध्येही पडतो, त्या तयारीनेच निघा. यलोस्टोनचा बराचसा भाग साडेसात हजार फुटांच्या वर आहे, त्यामुळे डेन्व्हरला उकडत असलं तरी तिथे रात्री पाणी गोठू शकतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा लेक रात्री दोनला कुडकुडत उठली आणि उरलेली रात्र सगळ्यांनी गाडीत बसून काढली, म्हणून कळकळीने सांगते, स्लीपिंग बॅगखालची मॅट जाड घ्या, थंडी जमिनीतून चढते. आणि जीन्स नको, भिजली की वाळतच नाही.

ग्लेशियर यावेळी सोडाच. वाईट वाटेल, पण तिथला गोइंग-टू-द-सन रोड कित्येकदा जुलै उजाडल्यावरच पूर्ण उघडतो. ते दिवस मोकळे ठेवा, कारण २०२२ च्या जूनमध्ये साचलेल्या बर्फावर पाऊस पडून यलोस्टोनचे रस्ते वाहून गेले होते, सगळी गेटं बंद. रोज सकाळी रस्ते चालू आहेत का बघूनच गाडी काढायची.

आईंचं मात्र खूप जपा. पुणं जेमतेम अठराशे फुटांवर आणि रॉकी माउंटनमधला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत चढतो! आधी डेन्व्हरमध्ये रुळू द्या, बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारा, आणि वर डोकं दुखून मळमळायला लागलं तर फोटोबिटो राहू दे, लगेच खाली उतरा. तो रस्ता सकाळीच करा, दुपारी विजा सुरू होतात आणि वर सगळं उघडं, आडोसा नाही.

चिवडा, लाडू, अगदी टूथपेस्टसुद्धा टेंटमध्ये ठेवायची नाही, गाडीत नाहीतर कॅम्पवरच्या लोखंडी पेटीत, अस्वलं वासावर येतात. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला तर अस्वलांमुळेच टेंट चालत नाहीत, तिथे चुकून बुक करू नका.

आणि मधल्या एका रात्री आईंसाठी केबिन बघाच. फुल असेल तर रोज सकाळी बुकिंगची वेबसाइट उघडून बघत राहा, लोक कॅन्सल करत असतात.